पाच मोजायचे, एकदा दाबायचं

डॉक्टर अर्शियाने खाट भिंतीपासून ओढून घेतली आणि गुणाबाईच्या डोक्यामागे झालेल्या फटीत ती स्वतः जाऊन उभी राहिली.

"काका, तुम्ही बाहेर थांबा."

ग्यानोबा बाहेर गेला नाही. खाटेच्या पायथ्याशी बायकोचा उजवा पाय हातात धरून तो उभा होता. पाय गार नव्हता, गरमही नव्हता. सिस्टरने एकदा त्याच्याकडे पाहिलं, पण त्याला हलवायला तिला वेळ नव्हता. ती गुणाबाईच्या तोंडावर मास्क दाबून धरत होती आणि दुसऱ्या हाताने रबरी फुगा दाबत होती.

सकाळी सहाला गुणाबाईच्या पोटात कळ आली होती. तिने ओवा चावून खाल्ला. सातला चहाचा घोट नाकातून परत आला. आठला तिला मान धरवेना, पापण्या वर होईनात. पुतण्याच्या मोटारसायकलवर दोघांच्या मधे उपरण्याने बांधून तिला पळसदऱ्याच्या दवाखान्यात आणलं. साप कुणीही पाहिला नव्हता. डॉक्टरनेच पापण्या वर करून पाहिल्या, कानामागे बॅटरीचा उजेड पाडला आणि म्हणाली, "मण्यार असणार. जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, म्हणून कळत नाही."

विषावरचं औषध सलाइनमधून चालू झालं होतं. पण जे विष आधीच भिनलं होतं, ते अंगातला एकेक स्नायू बंद करत खाली चाललं होतं. आता छातीची पाळी होती.

अर्शियाने दोन वेळा ॲप्रनला तळवे पुसले. वय सव्वीस. उदगीरची मुलगी, इथे येऊन आठ महिने झाले होते. घशात नळी तिने शिकताना बरेचदा घातली होती, पण तेव्हा मागे कोणीतरी मोठं उभं असायचं. ती खाली वाकली आणि गुणाबाईच्या कानाशी तोंड नेलं.

"मावशी, ऐकू येतंय का? येत असेल तर पायाचा अंगठा हलवा."

खोलीत फक्त फुग्याचा आवाज होत होता. ग्यानोबाच्या तळहातात काहीतरी किंचित सरकलं.

"हालला," तो म्हणाला.

"नक्की?"

"हाव. हालला."

अर्शियाने सिस्टरकडे पाहिलं. "म्हणजे जाग्या आहेत. सगळं कळतंय त्यांना." मग पुन्हा कानाशी वाकून ती म्हणाली, "मावशी, तुमच्या घशात नळी घालणार आहे. श्वास घ्यायचं काम आम्ही करणार. घाबरू नका. थोडं झोपेचं औषध देते."

तिने दिव्याचं पातं तोंडात सारून जीभ बाजूला केली आणि आत पाहिलं. नळी घातली. सिस्टरने फुगा जोडून दाबला. छाती हलली नाही. पोट वर आलं. बोटाला लावलेल्या चिमट्याच्या यंत्रावर ऑक्सिजनचे चौऱ्याण्णवचे सत्त्याऐंशी झाले, मग ऐंशी.

"काढते," अर्शिया म्हणाली. तिचा आवाज फार हळू झाला होता. "अन्ननलिकेत गेली. मास्क द्या."

पुन्हा मास्क. पुन्हा फुगा. आकडा नव्वदच्या वर येईपर्यंत ती डोळे मिटून उभी राहिली. ग्यानोबाला ते आवडलं नाही. डॉक्टरने डोळे मिटावेत हे त्याला बरं वाटलं नाही.

"सिस्टर, गळ्यावर इथे दाबा. थोडं उजवीकडे. हां, तिथेच."

या वेळी ती बराच वेळ वाकलेली राहिली. मग नळी सरकली आणि तिने श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू आला. स्टेथोस्कोप आधी पोटावर, मग डाव्या छातीवर, मग उजव्या. छाती दोन्ही बाजूंनी सारखी वर येत होती.

"नळीवरचा एकवीसचा आकडा ओठाशी आहे. तिथेच बांधा. हा हलता कामा नये."

सिस्टरने पट्टीने नळी गालाला बांधली. गुणाबाईचे डोळे पुरते मिटत नव्हते, म्हणून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या. आता ती झोपलेल्या माणसासारखीही दिसत नव्हती. ग्यानोबाने तिच्या पायाकडे पाहिलं. अंगठा पुन्हा हलतो का म्हणून त्याने तो हळूच दाबून पाहिला. हलला नाही.

श्वास देणारं मशीन नांदेडला होतं, एकशे चाळीस किलोमीटरवर. मोठी गाडी सकाळीच एका बाळंतिणीला घेऊन तिकडे गेली होती. दवाखान्याची छोटी ॲम्ब्युलन्स होती, ऑक्सिजनचं सिलिंडर होतं आणि चांदपाशा नावाचा ड्रायव्हर होता, ज्याने बोलावण्याआधीच गाडी पायरीला लावली होती. अर्शियाने ओपीडी दुसऱ्या डॉक्टरांकडे सोपवली.

"मी जाते. वाटेत नळी निसटली तर परत घालणारं कुणीतरी पाहिजे."

पुतण्या मोटारसायकलने मागून येतो म्हणाला. सिस्टरला वॉर्ड सोडता येत नव्हता. म्हणून फुगा ग्यानोबाच्या हातात आला.

"एका हाताने दाबायचा," अर्शियाने दाखवलं. "जोर नको. छाती वर आली की सोडायचा. मग पाच मोजायचे. पुन्हा एकदा दाबायचं. घाई केली तर नुकसान, विसरलात तर त्याहून नुकसान. जमेल?"

"जमंल."

त्याने बैल हाकले होते, विहिरीवर मोट ओढली होती, सोयाबीनची पोती खांद्यावर वाहिली होती. हा फुगा पपईएवढा होता आणि मऊ होता. त्याने तो दाबला. बायकोची छाती वर आली. त्याने सोडला तशी ती खाली गेली.

गाडी निघाली तेव्हा दहा वाजून गेले होते.

पहिला अर्धा तास तो नुसते आकडे मोजत होता. एक, दोन, तीन, चार, पाच. दाब. अर्शिया समोर बसून कधी नाडी, कधी यंत्र, कधी सिलिंडरचा काटा पाहत होती. बाहेर सागाचं जंगल मागे पडत होतं.

"काका, बोला त्यांच्याशी."

"काय बोलू?"

"काहीही. अंग हलत नाही, डोळे उघडत नाहीत, घशात नळी आहे. झोपेचं औषध थोडंच दिलंय, बीपी पडतं म्हणून जास्त देता येत नाही. त्या जाग्या असल्या तर किती भीती वाटत असेल. ओळखीचा आवाज कानावर पडला तर बरं वाटतं."

ग्यानोबाने फुगा दाबला.

"घरी रोज बोलताच ना? तेच बोला."

त्याने आठवून पाहिलं. रोज काय बोलतो? मीठ कमी आहे. वासरू सुटलं. लाइट कधी येणार. भावकीतलं लग्न, आहेर काय द्यायचा. रात्री ती बाजूच्या खोलीत गोधडी पसरायची, तो ओसरीवर. त्यांच्यात भांडण नव्हतं. भांडायलाही काही बोलावं लागतं.

"गुणे," तो म्हणाला आणि थांबला. पाच मोजले, दाबलं. "म्हशीला म्या पाणी पाजलंय. काळजी करू नको."

अर्शियाने मान हलवली. चालू द्या, असं.

"सोयाबीन काढायला आलंय. गड्यायला सांगितलंय परवा या म्हणून." दाब. "शेजारची म्हणली, तिची सून गुरं सांभाळंल." दाब. "डाक्टरीणबाई हाय संगं. चांगली हाय. तू भिऊ नको."

एवढ्यात त्याचं संपलं. इस्लापूर गेलं. त्याच्या मनगटाला कळ लागली, तशी त्याने हात बदलला. तो पुन्हा नुसते आकडे मोजू लागला. आता मोठ्याने, म्हणजे तिलाही ऐकू यावेत.

हिमायतनगरच्या अलीकडे रस्ता खणून ठेवला होता. चांदपाशाने गाडी कडेच्या कच्च्या वळणावर घातली. तो हळू चालवत होता, तरी एका खड्ड्यात मागचं चाक आदळलं आणि खाट फूटभर सरकली. अर्शियाने दोन्ही हातांनी नळी पकडली. एकवीसचा आकडा ओठाशीच होता. तिने श्वास सोडला.

पाच मिनिटांनी ग्यानोबा म्हणाला, "म्याडम, दाबंना झालंय."

"म्हणजे?"

"घट्ट झालंय. आत जाईना वारा."

तिने फुगा स्वतःकडे घेतला, दाबला. गुणाबाईची छाती उठली नाही. यंत्रावर चौऱ्याण्णव होते. बघता बघता एकोणनव्वद झाले.

"चांदभाई, थांबवा. आत्ता. कडेला."

गाडी थांबली. अर्शियाने फुगा नळीपासून सोडवला, कफ ओढून काढायचा, पायाने दाबायचा पंप खाटेखालून ओढला आणि आवरण फाडून त्याची बारीक नळी बाहेर काढली. "काका, हा पंप पायाने दाबा. सारखा." तिने बारीक नळी मोठ्या नळीत घातली. घर्रर्र असा आवाज आला आणि बंद पडला. ब्याऐंशी. नळी बाहेर काढली तर टोकाला काही नव्हतं. पुन्हा घातली. त्र्याहत्तर.

चांदपाशाने मागचं दार उघडलं. सलाइनची बाटली एका हुकावरून लोंबत होती, ती त्याने हातात घेऊन उंच धरली.

"पंप सोडू नका," अर्शिया म्हणाली.

ग्यानोबाचा पाय चालू होता. त्याची नजर आकड्यावर होती. तो सातवीपर्यंत शिकला होता आणि हे आकडे कुठल्या दिशेला चालले आहेत हे समजायला सातवीही लागत नव्हती. सदुसष्ट. एकसष्ट. गुणाबाईचे ओठ जांभळट झाले होते. ती हलत नव्हती. गुदमरणारा माणूस हातपाय झाडतो. ती तेही करू शकत नव्हती.

अर्शियाने सिरिंजमधून थोडं पाणी नळीत सोडलं, दोनदा फुग्याने दाबलं आणि तिसऱ्यांदा बारीक नळी घातली. या वेळी घर्रर्र आवाज तुटला नाही. काहीतरी चिकट, पिवळसर, चिंचोक्याएवढं वर आलं आणि पारदर्शक नळीतून सरकत बाटलीत पडलं.

तिने फुगा जोडला, दाबला. छाती उठली.

आकडा आधी तिथेच राहिला. मग पासष्ट. चौऱ्याहत्तर. शहाऐंशी. ब्याण्णववर आल्यावर चांदपाशाने बाटली हुकाला अडकवली आणि दार लावून घेतलं. अर्शियाने फुगा ग्यानोबापुढे धरला.

"घ्या काका. पाच मोजायचे."

ग्यानोबाने फुगा घेतला. गाडी पुन्हा चालू लागली. भोकरची पाटी गेली. तो आता मोजत नव्हता, पण दाबणं बरोबर होत होतं. त्याचा चेहरा घामाने ओला होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता.

"गुणे," तो म्हणाला. "पोरगी आली होती."

अर्शियाने वर पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. बायकोच्या कानाकडे बघत होता.

"पाच वर्सं झाली. तू माहूरला गेली होतीस नवरात्रात, बायांसंगं. त्या दिसी शिवांगी आली होती. बाळ घिऊन. दीड महिन्याची होती नात. जावई येशीपाशी रिक्षात बसून राह्यला, उतरला न्हाई. ती येकटी दारापोत आली."

दाब.

"म्या दारात उभा राह्यलो. आत घेतलं न्हाई. म्हणलं, तुजी आई तुजं तोंड बघायला तयार न्हाई. तू येणार म्हणून कळलं, म्हणून ती गावाला गेली. असं म्हणलं म्या. माजं मीच म्हणलं. तुला काय म्हाईत बी न्हवतं."

दाब.

"उन्ह लई होतं. तिनं पाणी मागितलं. दिलं. न्हाई दिलं असं न्हाई. पर भाईरच दिलं."

त्याचा श्वास वर-खाली व्हायला लागला होता आणि फुगाही त्याच्या श्वासाबरोबर चालला होता.

"मग तिचे फोन यायले. फोन माज्या खिशात. म्या उचललंच न्हाई. तू इचारायचीस, लेकीचा फोन आला का. म्या म्हणायचो न्हाई. तिला आता आपली गरज न्हाई, म्हणायचो. तू चुलीपाशी डोळे पुसायचीस आन् धुराचं नाव घ्यायचीस. म्या बघायचो. बघून भाईर जायचो."

"काका," अर्शिया म्हणाली, "लवकर लवकर दाबताय. पाच मोजा."

तो थांबला. ओठ हलवून मोजले. दाबलं.

"पोरगा वाईट न्हवता गं," तो म्हणाला. "मला इचारलं न्हाई, येवढंच."

त्यानंतर नांदेड येईपर्यंत तो नुसता फुगा दाबत राहिला. अर्शियाने एकदा गुणाबाईच्या डोळ्यांवरचा कापूस बदलला. काढलेली घडी ओली होती, पण ती आधीच ओली ठेवलेली होती.

मोठ्या दवाखान्यात पोचल्यावर सगळं भराभर झालं. स्ट्रेचर, लिफ्ट, काचेचं दार. ग्यानोबाच्या हातातला फुगा कुणीतरी घेतला आणि त्याचा हात तसाच अर्धवट मिटलेला राहिला. आत मशीन लागलं. अर्शियाने तिथल्या डॉक्टरांना सगळं सांगितलं, कागद दिले आणि ती बाहेर आली. तिला लगेच परतायचं होतं.

"म्याडम," त्याने विचारलं, "तिला ऐकू आलं असंल का?"

"मला नाही सांगता येणार, काका." तिने काचेच्या दाराकडे पाहिलं. "वाचतील. वेळ लागेल, पण वाचतील असं वाटतंय."

ती गेल्यावर खिडकीतल्या माणसाने फॉर्म पुढे केला. जवळच्या आणखी एका नातेवाइकाचं नाव आणि नंबर पाहिजे होता. पुतण्याचा नंबर सांगायला ग्यानोबाने तोंड उघडलं. मग खिशातून फोन काढला आणि खूप खाली जाऊन, नाव नसलेला एक नंबर वाचून दाखवला. "शिवांगी रेवणसिद्ध," तो म्हणाला. "लातूर. मुलगी."

फोनही त्यानेच केला. "आई दवाखान्यात हाय. नांदेडला. साप चावला." पलीकडून शिवांगी म्हणाली, "निघते."

ती संध्याकाळच्या आत पोचली. लातूरला क्लासच्या पोरांसाठी ती नि तिचा नवरा मेस चालवत होते. नवऱ्यावर दोनशे डबे आणि मुलगी सोपवून ती अंगावरच्या कपड्यांनिशी आली होती. केसांना फोडणीचा वास होता. अंगाने भरली होती, चेहरा आईचा घेतला होता. तिने वडिलांच्या पायाला हात लावला नाही आणि त्यांनीही तशी वाट पाहिली नाही.

"मी आत जाऊ का?" तिने विचारलं. "तिला चालंल का?"

तेव्हा सांगायला हवं होतं. ग्यानोबाला ते कळलं. तो म्हणाला, "जा."

पहिले तीन दिवस ती आत जात होती. एका वेळी एकालाच सोडायचे. ती आईच्या पायांशी उभी राहायची, पाय पुसायची, टाचांना तेल लावायची. चौथ्या दिवशी गुणाबाईच्या पापण्या उघडायला लागल्या. त्या दिवसापासून शिवांगी आत गेली नाही.

"तुम्हीच जा, आबा," ती म्हणाली. "मला बघून तिला त्रास झाला तर."

बाकड्याच्या एका टोकाला ती बसायची, दुसऱ्या टोकाला तो. मधे पाण्याची बाटली आणि पुतण्याने आणलेली केळी. ती फोनवर मुलीशी बोलायची तेव्हा उठून जिन्यापाशी जायची. ग्यानोबा दार उघडलं की उठायचा, आत जायचा, परत यायचा. दर वेळी वाटायचं, आता बसल्यावर बोलू. दर वेळी बसल्यावर तो केळीची साल काढायचा.

सहाव्या दिवशी सकाळी नळी काढली. दुपारी सिस्टरने त्याला बोलावलं. "बोलतायत. पण जास्त बोलायला लावू नका, घसा सुजलाय."

त्याने बाहेर चपला काढल्या, आत गेला. गुणाबाईचं डोकं उशीवर उंच केलेलं होतं. नाकाखाली ऑक्सिजनची पातळ नळी होती आणि गालावर पट्टीचे लाल वळ उठले होते. तिने त्याला येताना पाहिलं. तो खाटेच्या कडेला उभा राहिला. स्टूल होतं, पण बसला नाही.

"कसं वाटायलंय?"

"घसा," ती म्हणाली. आवाज घोगरा होता, कुण्या दुसऱ्याच बाईचा असावा तसा.

त्याने चमच्याने पाणी पाजलं. दोन चमचे. तिसरा तिने नको म्हटला. त्याने वाटी ठेवली, चमचा वाटीत ठेवला, मग चमचा काढून टेबलावर ठेवला.

"गाडीत तुला..." तो म्हणाला. "म्हंजे येताना. तुला ऐकू येत होतं का?"

गुणाबाईने छताकडे पाहिलं. शेजारच्या खाटेवरचं मशीन आपल्या लयीत श्वास देत होतं.

"न्हाई," ती म्हणाली.

"काहीच?"

"काहीच न्हाई."

त्याने मान हलवली. खांदे सैल झाले. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं त्याला वाटलं आणि ते उतरलं म्हणून लाजही वाटली. तो तसाच उभा राहिला.

"ती भाईर हाय न्हवं?" गुणाबाई म्हणाली. "काचेतून दिसती. आत का येईना?"

"येईना झालीय."

"बोलवा तिला."

तो वळला.

"आन् तुमी बी या संगं." ती थांबली, घोट गिळला. गिळताना तिचे डोळे बारीक झाले. "मला जे ऐकू आलं न्हाई, ते तिच्यापुढं सांगा."

ग्यानोबाची पाठ तिच्याकडे होती. तो तसाच काही क्षण थांबला आणि मग दाराकडे चालू लागला.

दोघांना एकदम सोडता येत नाही, असं सिस्टर म्हणाली. मग त्याचा चेहरा पाहून म्हणाली, पाच मिनिटं. शिवांगी आत आली ती दारापाशीच थबकली. गुणाबाईने हात वर उचलायचा प्रयत्न केला. तो चादरीवरून वीतभरच उठला. शिवांगी पुढे झाली आणि तो हात खाली पडायच्या आत तिने धरला. मग दोघी त्याच्याकडे बघू लागल्या.

त्याने सांगितलं. गाडीत जसं बोलला होता तसं आलं नाही. तेव्हा हातात काहीतरी होतं, मधे मधे थांबायला कारण होतं. आता वाक्यं अडकत होती, मागची पुढे होत होती. माहूरचं सांगायचं राहून गेलं, मग परत येऊन सांगितलं. पाण्याचं सांगितलं. फोनचं सांगितलं. काहीही कमी-जास्त करून सांगितलं नाही. सांगताना तो खाटेच्या लोखंडी दांडीकडे बघत होता.

शिवांगीने आईचा हात सोडला नाही. पण तिची बोटं हळूहळू घट्ट होत गेली, इतकी की गुणाबाईच्या हाताची नखं पांढरी दिसू लागली.

"मी पाच वर्सं," शिवांगी म्हणाली, आणि पुढचं तिला बोलता आलं नाही. तिने आईकडे पाहिलं. "मला वाटलं तूच..."

"मला बी तसंच वाटलं," गुणाबाई म्हणाली.

शिवांगीने कपाळ आईच्या दंडावर टेकवलं. ती रडत होती, पण आवाज करत नव्हती. आजूबाजूला आजारी माणसं होती. गुणाबाईचा दुसरा हात सलाइनला बांधलेला होता, तो तिला हलवता येत नव्हता. ती लेकीच्या केसांत नुसती हनुवटी ठेवून पडून राहिली.

ग्यानोबाला कुणी जा म्हटलं नाही आणि थांबही म्हटलं नाही. सिस्टरने लांबून घड्याळ दाखवलं. "आता एकानंच थांबा."

तो आपणहून दाराकडे निघाला. खाटांच्या रांगेतून चालताना त्याने कुणाकडे पाहिलं नाही. काचेच्या दाराला हात लावला तेव्हा मागून तो घोगरा आवाज आला. मोठा काढता येत नव्हता, म्हणून तो तुटक आला, पण त्याला नीट ऐकू आला.

"जेवून या."

त्याने मागे पाहिलं. गुणाबाई त्याच्याकडे बघत नव्हती. ती लेकीच्या कानाशी काहीतरी विचारत होती आणि शिवांगी डोळे पुसत फोनमधला एक फोटो शोधत होती.

बाहेर येऊन तो चपलांच्या ढिगात आपल्या चपला हुडकू लागला. एक सापडली. दुसरी सापडायला वेळ लागला.